डिस्टॉर्शन पेडलचा सर्किट डायग्राम वाचायचा कसा?

सहातारा | शनिवार, रात्री १०:५०

कोल्हापुरात राजारामपुरीत राहतो. गिटार वाजवायला लागून सात वर्षं झाली. डिस्टॉर्शन पेडल, म्हणजे गिटारचा आवाज फाडणारी पायाशी ठेवायची पेटी, विकत न घेता स्वतः बनवायचं ठरवलंय. पहिल्या खेपेला नेटवरचा तयार लेआउट घेतला होता. कुठला पार्ट बोर्डाच्या कुठल्या भोकात बसवायचा याचं रंगीत चित्र असतं ते. चित्र बघून सगळं जसंच्या तसं जोडलं, सोल्डर केलं, आणि आवाज आला नाही. बिघाड शोधायला बसलो तेव्हा कळलं की कुठला पार्ट काय काम करतो हेच मला माहीत नाही. मग शोधणार कुठं आणि काय? ते बोर्ड तसंच ड्रॉवरमध्ये आहे.

आता मूळ सर्किट डायग्राम घेऊन बसलोय. एमएक्सआर कंपनीचं डिस्टॉर्शन प्लस, १९७० च्या दशकातलं. एक ७४१ आयसी (सूर मोठा करणारा ऑप-ॲम्प, डायग्रामवर त्रिकोण), दोन डायोड (करंट एकाच दिशेनं जाऊ देणारे), दोन पॉट (नॉबनं कमी-जास्त होणारे रेझिस्टन्स). इतकं छोटं सर्किट तरी पूर्ण समजून बनवावं अशी इच्छा आहे. इथं फोटो बारीक होतो, म्हणून शब्दांत लिहितो.

डावीकडं इनपुट. तिथून ०.०१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, मग १० के (म्हणजे १० हजार ओहमचा रेझिस्टन्स; मेग म्हणजे दहा लाख ओहम), मग त्रिकोणाची पिन ३. पिन ३ ला आणखी एक १ मेगचा रेझिस्टन्स लागलाय, त्याचं दुसरं टोक दोन १ मेगच्या मधल्या जोडावर जातं. त्या दोघांपैकी एक वर ९ व्होल्टला, एक खाली ग्राउंडला. त्याच मधल्या जोडावरून १ मायक्रोफॅरड ग्राउंडला. पिन ६ वरून १ मेग मागं फिरून पिन २ ला येतो. पिन २ पासून खाली ०.०४७ मायक्रोफॅरड, ४.७ के, ५०० केचा पॉट आणि ग्राउंड, अशी एकाखाली एक रांग. पिन ६ च्या पुढं १ मायक्रोफॅरड, १० के, मग दोन डायोड उलटसुलट तोंडं करून ग्राउंडला, त्यांच्या शेजारी ०.००१, आणि शेवटी व्हॉल्यूमचा पॉट.

अडलेलं सांगतो. ग्राउंडची खूण सात-आठ ठिकाणी आहे, म्हणजे तितक्या वायरी बॉक्सला लावायच्या का? त्रिकोणाला पिन २, ३, ६ दिसतात, आयसीला तर आठ पाय आहेत, बाकीचे कुठं गेले? आणि ९ व्होल्टचे दोन १ मेग लावून निम्मे करायचे कशाला?

जुना_रेडिओवाला | रविवार, सकाळी ६:१५

बाळ, तुझा प्रश्न वाचून बरं वाटलं. माझी रेडिओ-टेप दुरुस्तीत चाळीस वर्षं गेली, त्यातली पहिली दोन वर्षं मीही डायग्रामकडं चित्र म्हणूनच बघत होतो.

पहिली गोष्ट पक्की कर. डायग्राम जागा सांगत नाही, नातं सांगतो. कुठला पाय कुठल्या पायाला जोडलाय, इतकंच त्यात असतं. दोन पार्ट कागदावर शेजारी दिसले म्हणून बोर्डवर शेजारी पाहिजेत असं काही नाही, आणि कागदावर वीतभर लांब रेघ असली तरी विजेच्या हिशेबात तिची दोन्ही टोकं म्हणजे एकच बिंदू. ज्या चित्रावरून तू आधी जोडलंस ते जागा दाखवतं आणि नातं लपवतं. म्हणून त्यातून बिघाड सापडत नाही.

ग्राउंडची खूण सात ठिकाणी असली तरी ग्राउंड एकच आहे. सगळ्या रेघा एका जागी ओढल्या तर कागदाचं जाळं होईल, म्हणून काढणारा प्रत्येक ठिकाणी खूण करून मोकळा होतो. ब्रेडबोर्डवर, म्हणजे सोल्डर न करता पार्ट खोचायच्या बोर्डवर, तुझी निळी पट्टी म्हणजे ग्राउंड, त्या सातही टोकांना तिथं आणायचं. ९ व्होल्टचंही तसंच.

त्रिकोण म्हणजे आयसीचं काम, आयसीचं अंग नव्हे. म्हणून पाय कामाच्या सोयीनं काढलेले असतात आणि सप्लायचे पाय बऱ्याचदा काढतच नाहीत, ते तुला ठाऊक आहेत असं धरलेलं असतं. ७४१ ला पिन ७ वर ९ व्होल्ट, पिन ४ ला ग्राउंड. १, ५ आणि ८ मोकळ्या सोड. खाच वर धरलीस की डाव्या बाजूला वरून पहिली पिन १, तिथून खाली उतरत ४, मग उजवीकडं खालून वर चढत ५ ते ८.

आता वाचायची रीत. डायग्राम तीनदा वाचायचा, तिन्ही वेळा बोट ठेवून.

पहिल्या फेरीत फक्त आवाजाची वाट. इनपुटवर बोट ठेव आणि उजवीकडं चाल. ०.०१, १० के, पिन ३, आत शिरला. पिन ६, बाहेर आला. १ मायक्रोफॅरड, १० के, व्हॉल्यूम, आउटपुट. झालं. वाटेत खाली-वर लोंबणाऱ्या कशाकडंही बघायचं नाही.

दुसऱ्या फेरीत स्थिर व्होल्टेज, म्हणजे डीसी. इथं एकच नियम, डीसीसाठी कपॅसिटर म्हणजे तुटलेली वायर. सगळे कपॅसिटर मनानं पुसून टाक आणि काय उरतं ते बघ. दोन १ मेग ९ व्होल्टचे बरोबर निम्मे करतात, ते साडेचार तिसऱ्या १ मेगमधून पिन ३ ला मिळतात. कशाला, ते ऐक. गिटारचा सूर शून्याच्या वर आणि खाली दोन्हीकडं हलतो. आयसीला खाली ग्राउंड आणि वर ९ व्होल्ट, शून्याच्या खाली जायला त्याला जागाच नाही. म्हणून सुराला उचलून साडेचारवर बसवायचं, म्हणजे दोन्ही बाजूंनी साडेचार-साडेचार व्होल्ट मोकळे. इनपुटचा ०.०१ आणि आउटपुटचा १ मायक्रोफॅरड हे दोन दारवान आहेत. हे साडेचार व्होल्ट ते गिटारकडंही जाऊ देत नाहीत आणि ॲम्पकडंही.

या फेरीचा एक फायदा लगेच मिळतो. आउटपुटचा १ मायक्रोफॅरड इलेक्ट्रोलिटिक (प्लस-मायनस पाय असलेला) वापरलास तर प्लस कुठं? डायग्रामवर खूण नसली तरी सांगता येतं. पिन ६ च्या बाजूला साडेचार, पलीकडं शून्य. प्लस पिन ६ कडं.

तिसऱ्या फेरीत लोंबणारे पार्ट. फीडबॅकचा, म्हणजे पिन ६ वरून मागं फिरणारा १ मेग, पिन २ खालची रांग, डायोड. सगळी चव त्यांच्यात आहे. ते दुसऱ्या कुणीतरी लिहावं, मला पूजेला बसायचंय.

शिरोळची_पोर | रविवार, सकाळी ९:४०

काकांनी इतकं छान लिहिलंय की तिसरी फेरी मीच पुरी करते. मी डिप्लोमाच्या मुलांना ॲनालॉग इलेक्ट्रॉनिक्स शिकवते आणि ऑप-ॲम्पच्या धड्याला नेमकं हेच सर्किट घेते.

पिन ६ वरून मागं येणारा १ मेग आणि पिन २ खालची रांग मिळून आयसी सुराला किती पट मोठं करणार ते ठरतं. पट म्हणजे १ अधिक, १ मेग भागिले खालच्या रांगेचा रेझिस्टन्स. गेनचा, म्हणजे या पटीचा नॉब पूर्ण वर नेऊन पॉट शून्यावर आणला की खाली उरतात ४.७ के. १००० ला ४.७ नं भागा, त्यात एक मिळवा, सुमारे २१४ पट. पॉट उलट टोकाला नेला तर खाली ५०४.७ के, म्हणजे जेमतेम ३ पट. एका नॉबवर ३ ते २१४.

गिटारचा सूर ०.१ व्होल्टचा धरला तरी त्याच्या २१४ पट म्हणजे २१ व्होल्टच्या वर. सप्लाय तर ९ चा. म्हणजे सुराचे माथे आयसीमध्येच कापले जातात. पुढं डायोड उभे आहेतच. सिलिकॉन डायोड साधारण ०.६ व्होल्टच्या वर वाट मोकळी करून देतो, जास्तीचं सगळं ग्राउंडला. एक डायोड वरचा माथा कापतो, उलट तोंडाचा दुसरा खालचा. गोल लाट चपटी होते, तिच्यात वरचे नवे स्वरांश तयार होतात, आणि आपल्याला ऐकू येणारी ती खरखरीत धार हीच. डायोडच्या आधीचा १० के विसरू नका. तो नसेल तर पिन ६ सरळ डायोडवर आदळेल. तो करंट रोखून धरतो म्हणून कापणी होते.

आता ०.०४७. माझ्या मते या डायग्राममधला सगळ्यात सुंदर पार्ट हाच आहे. पॉट शून्यावर असताना ४.७ के आणि ०.०४७ मिळून ७२० हर्ट्झची सीमा घालतात, तिच्या खालच्या सुरांना कमी कमी पट मिळते. गिटारची सर्वात जाड तार मोकळी वाजवली की ८२ हर्ट्झ. तिच्या मूळ सुराला २१४ नव्हे, सुमारे २४ पट मिळते. बारीक तार ३३० हर्ट्झची, तिला ८९ च्या आसपास. जाड तारेलाही २१४ पट दिलं असतं तर तिनं बाकी सगळं गिळून टाकलं असतं. नॉब कमी केला की रांगेतला रेझिस्टन्स वाढतो आणि हीच सीमा ७ हर्ट्झपर्यंत खाली घसरते, म्हणजे खर्ज पूर्ण परत येतो. गेन वाढवला की आवाज थोडा पातळ का होतो, याचं उत्तर या दोन पार्टात आहे.

डायोडच्या शेजारचा ०.००१ वरची कचकच थोडी खाली आणतो. १० के सोबत त्याची सीमा १६ किलोहर्ट्झच्या जवळ, म्हणजे काम अगदी हलकं.

सहातारा | रविवार, दुपारी १:०५

ताई, काका, मनापासून आभार. बोट ठेवून तिन्ही फेऱ्या केल्या. जेवण राहिलं, पण उठवेना. जाड तारेला २४ आणि बारीक तारेला ८९ हे वाचल्यावर गिटार घेऊन दोन्ही तारा वाजवून बघितल्या.

पार्ट घरात आहेत ते लावून बघतोय. एक शंका, माझ्याकडच्या १ मेगवर पाच पट्टे आहेत आणि तक्त्यात चारच दिलेत. कपॅसिटरवर नुसतं ४७३ लिहिलंय, तोच ०.०४७ का?

शिरोळची_पोर | रविवार, दुपारी १:३०

तोच. ४७ च्या पुढं ३ शून्यं, पिकोफॅरडमध्ये. १०३ म्हणजे ०.०१, १०२ म्हणजे ०.००१. पाच पट्ट्यांत पहिले तीन अंक, चौथा शून्यांचा. १ मेग म्हणजे तपकिरी, काळा, काळा, पिवळा. १० के म्हणजे तपकिरी, काळा, काळा, लाल. दोन्हींत फरक एकाच पट्ट्याचा आहे, आणि लाल-नारिंगी-तपकिरी रात्रीच्या उजेडात सारखेच दिसतात. लावण्याआधी प्रत्येक रेझिस्टन्स मीटरवर मोजा.

उद्यमनगरी | रविवार, संध्याकाळी ७:२०

इलेक्ट्रॉनिक्स माझा विषय नव्हे, पण भावा, बॉक्सचं मी सांगतो. उद्यमनगरात आमचं मशीनिंगचं काम आहे आणि मित्राच्या दोन पेडलांच्या पेट्या मी ड्रिल करून दिल्यात.

ॲल्युमिनियमची डायकास्ट पेटी घे. ११२ बाय ६० मिलिमीटरची मिळते, उंची ३१. कागदावर खऱ्या मापाची आकृती काढून पेटीवर चिकटव, सेंटर पंच मार, मग ३ मिलिमीटरचं बारीक भोक पाडून हळूहळू वाढव. पॉटला ७ ते ७.५, जॅकला १० च्या जवळ, पायानं दाबायच्या स्विचला १२ ते १२.५. भोकाच्या कडेची बर (धारदार कुसळं) नीट काढ, नाहीतर आतल्या वायरीला चीर पडते. जॅक पेटीत गेल्यावर त्याची पट्टी किती आत येते ते आधी प्लग घालून बघ. प्लग घातला की पट्टी फाकते आणि पॉटला टेकते, हे भोकं पाडून झाल्यावर कळलं तर पेटी फुकट.

आणि एक महत्त्वाचं. मित्राच्या पहिल्या पेटीत सगळं बरोबर जोडलं होतं, पेटी बंद केली की मरायचं. ॲडॉप्टरचं सॉकेट धातूच्या अंगाचं होतं. गिटारच्या पेडलांत ॲडॉप्टरच्या पिनेत मध्ये मायनस आणि बाहेर प्लस असतो. सॉकेटचं बाहेरचं अंग म्हणजे प्लस, पेटी म्हणजे ग्राउंड. नट आवळला की थेट शॉर्ट. प्लास्टिकच्या अंगाचं सॉकेट घे.

जुना_रेडिओवाला | रविवार, रात्री ८:००

उद्यमनगरी यांनी लाखाची गोष्ट सांगितली. पेटी डायग्राममध्ये काढलेली नसते, तरी ती सर्किटचा भाग असते. ग्राउंडची खूण दिसली की तिथं पेटीही आहे असं समजायचं.

सहातारा | मंगळवार, रात्री ११:३५

ब्रेडबोर्डवर पूर्ण जोडलं. आवाज नाही. मधूनच जोरात तार छेडली तर एखादा फाटका ठोका येतो. या वेळी घाबरलो नाही, मीटर घेतला आणि दुसऱ्या फेरीसारखं पिन पिन मोजलं. गेनचा नॉब पूर्ण वर होता.

पिन ७ वर ९.१. पिन ४ वर ०. दोन १ मेगच्या मधल्या जोडावर ३.०. पिन ३ वर १.८. पिन ६ वर ८.२. पिन २ वर ०.०४.

साडेचार कुठंच नाही. मधल्या जोडावरच ३ आहेत, म्हणजे माझे दोन १ मेग सारखे नाहीत का? काढून मोजले, ०.९९ आणि १.०१ मेग आले. दोन्ही ठीक. मग हे कसं?

जुना_रेडिओवाला | बुधवार, सकाळी ६:०५

शाब्बास. तू जे आकडे दिलेस त्यातच सगळं उत्तर आहे. आधी सांग, मीटर पिवळा, स्वस्तातला आहे ना?

मग ३.० आणि १.८ हा मीटरचा दोष. त्या मीटरच्या आत डीसी मोजताना १ मेगचा रेझिस्टन्स असतो. तू काडी लावलीस की तो १ मेग खालच्या १ मेगला समांतर लागतो, दोन्ही मिळून अर्धा मेग. वर १, खाली अर्धा, ९.१ चा तिसरा हिस्सा म्हणजे ३.०३. तुझा आकडा आलाच की! पिन ३ चाही हिशेब करून बघ, १.८२ येईल. मीटर काढला की तिथं साडेचारच आहेत. मोठ्या रेझिस्टन्सच्या जागी मोजताना मीटरही सर्किटमध्ये काढायचा, हे मी फार उशिरा शिकलो.

पिन ६ चं मात्र तसं नाही. तिथून आयसी स्वतः जोरानं ढकलतोय, मीटरचा १ मेग त्याला काहीच वाटत नाही. म्हणून ८.२ खरे आहेत आणि तेच दुखणं आहे. ७४१ ला ९ व्होल्टवर सुमारे एक व्होल्ट कमी इतकंच वर जाता येतं, म्हणजे तो वर जाऊन छताला चिकटलाय. सूर हलणार कुठं?

का चिकटला? दुसरी फेरी आठव. डीसीसाठी कपॅसिटर म्हणजे तुटलेली वायर. ०.०४७ तुटलेला धरला की पिन २ खालची रांग उरतच नाही, आयसी डीसीला फक्त १ पट करतो, आणि पिन ३ चे साडेचार पिन ६ वर साडेचारच येतात. तुझ्याकडं ८.२ आलेत, म्हणजे डीसीलाही मोठी पट मिळतेय. आता पिन २ चा आकडा घे. ८.२ ला २१४ नं भाग. ०.०३८. तुझा मीटर ०.०४ म्हणतोय. याचा अर्थ १ मेग आणि ४.७ के अगदी सरळ ग्राउंडपर्यंत पोचलेत, मध्ये कपॅसिटर नसल्यासारखे.

०.०४७ कुठं तरी शॉर्ट आहे. तिथं बघ.

सहातारा | बुधवार, रात्री ९:१०

काका, सापडलं. ०.०४७ चे दोन्ही पाय ब्रेडबोर्डच्या एकाच पाच भोकांच्या ओळीत होते. शेजारची ओळ समजून घातला होता. एक पाय एक घर सरकवला. पिन ६ वर ४.५.

गिटार लावली. आवाज आला. किती वेळ वाजवत बसलो ते कळलंच नाही, आई दोनदा दारात येऊन गेली.

मग ड्रॉवरमधलं जुनं बोर्ड काढलं. डायग्राम समोर ठेवून एकेक नातं मीटरच्या बीपवर तपासलं. पिन ७ पर्यंत ९ व्होल्ट पोचतच नव्हते, बोर्डाखालची तांब्याची पट्टी कापायची राहिली म्हणून नव्हे, तर एक कापायची नव्हती तीच कापली होती. दहा मिनिटांत सापडलं. दोन महिने पडून होतं ते.

बेंजोवाला_गडहिंग्लज | गुरुवार, दुपारी ३:५०

भावा लई भारी! मी बेंजो पार्टीत वाजवतो, गणपतीला नि वरातीला. आमचा बेंजो म्हणजे पिकअप (तारेचा आवाज विजेत पकडणारा) लावलेला बुलबुल तरंग. हे सगळं वाचालोय आणि माझ्यासाठी एक करावं असं वाटालंय. चालंल का? आमच्यात मिक्सरमधून इफेक्ट टाकतात पण मला तारेचाच आवाज फाडलेला पायजे. भीती एकच, समोर मोठे स्पीकर असतात, शिट्टी मारंल का?

शिरोळची_पोर | गुरुवार, संध्याकाळी ६:१५

चालेल, आणि तुमच्यासाठी डायग्राममध्ये दोन जागी हात घालता येतो.

पिकअप गिटारसारखा चुंबकी असेल तर इनपुट आहे तसंच ठेवा. शिट्टी पटीमुळं येते. स्पीकरचा आवाज तारांना हलवतो, पिकअप तो परत पाठवतो, पेडल २१४ पट करतं. म्हणून ४.७ केच्या जागी ४७ के लावा, कमाल पट २२ वर येईल. सीमाही सुमारे ७२ हर्ट्झवर जाईल, खर्ज भरून येईल. डायोडच्या जागी दोन लाल एलईडी लावा, एक उलटी एक सुलटी. त्या १.७ व्होल्टच्या आसपास कापतात, म्हणून कापणी सौम्य आणि आउटपुट मोठं. मिरवणुकीत तेच बरं.

वाजवताना एक सांगते. कापणीतून दोन सूर एकत्र गेले की त्यांच्या वजाबाकीचा तिसरा सूर जन्मतो. सा आणि प एकत्र असतील तर वजाबाकी खालचा सा देते, म्हणून ते भरदार लागतं. सा आणि कोमल रे एकत्र गेले तर कुठल्याही सुराशी न जुळणारा घुमारा येतो. सुटी राहणारी तार सा-प मध्ये लावा आणि एका वेळी एकच स्वर दाबा.

बेंजोवाला_गडहिंग्लज | गुरुवार, रात्री ८:३०

सा-प चं बरोबर हाय ताई. मिक्सरच्या इफेक्टमध्ये पण त्येच हुतं, कारण आज कळलं. ४७ के नि एलईडी लिहून घेतलं.

सहातारा | शनिवार, दुपारी ४:४०

डॉट बोर्डवर पक्कं केलं. बॅटरीवर शांत आहे, ॲडॉप्टरवर घुंऽऽ येतं. सप्लायच्या वाटेवर काही लावायचं का?

जुना_रेडिओवाला | शनिवार, संध्याकाळी ५:२५

९ व्होल्ट आत येतात तिथं १०० ओहम मालिकेत, त्याच्या पुढं १०० मायक्रोफॅरड ग्राउंडला. सीमा १६ हर्ट्झ, ॲडॉप्टरची १०० हर्ट्झची घुरघुर बरीच खाली येईल. उलटा ॲडॉप्टर लागला तर आयसी जाऊ नये म्हणून एक वन-एन-४००७ सुद्धा लाव, पट्टा प्लसकडं, दुसरा पाय ग्राउंडला.

आणि डायोड बदलून बघायचे असतील तर माझ्याकडं ये. मूळ पेडलमध्ये जर्मेनियम होते, ते ०.३ च्या आसपासच कापायला लागतात, आणि कापतात ते हळुवार. जुन्या रेडिओत डिटेक्टरला ओए-७९ असायचा, तोही जर्मेनियमच. डब्यात थोडे आहेत. सोल्डर करताना पाय पकडीत धरायचा, उष्णता आत गेली की हा डायोड मरतो.

२०१९ च्या पुरात शाहूपुरीतल्या माझ्या दुकानात पाणी भरलं तेव्हा डायग्रामच्या सगळ्या वह्या गेल्या. सेट हातात आला की मागून उघडून मी स्वतः वाट शोधून काढलेले डायग्राम होते ते. वर्षभर वाईट वाटत होतं. नंतर एकेक सेट आला तसे परत काढले, निम्मे तरी झालेत. नातं डोक्यात राहतं, कागद गेला तरी. हा डायोडचा डबा वरच्या फळीवर होता म्हणून वाचला.

सहातारा | रविवार, रात्री १०:२०

घुंऽऽ गेलं, काका. ओए-७९ साठी नक्की येतो.

आज आणखी एक डायग्राम उघडला, इबानेझ ट्यूब स्क्रीमरचा. पार्ट दुप्पट आहेत, पण बोट ठेवून चाललो आणि हरवलो नाही. सुरुवातीला एक ट्रान्झिस्टर, मग ऑप-ॲम्प. आणि त्या ऑप-ॲम्पच्या उलट्या पिनेखाली ४.७ के आणि ०.०४७, तेच दोन! ओळखीचं माणूस परगावी भेटावं तसं झालं.

पण इथं गेनचा पॉट त्या रांगेत नाही, वर फीडबॅकमध्ये आहे. म्हणजे नॉब कुठंही असला तरी ७२० हर्ट्झची सीमा हलत नाही, बरोबर? आणि डायोड ग्राउंडला जात नाहीत, तेही फीडबॅकमध्येच, पॉटला समांतर. इथं अडलो. ग्राउंडला वाटच नसेल तर कापतात काय?

शिरोळची_पोर | रविवार, रात्री १०:४५

सीमेचं अगदी बरोबर. आणि डायोडचं असं की ते उघडले की फीडबॅकचा रेझिस्टन्स जवळजवळ शून्य होतो. सूत्रात घाला, १ अधिक शून्य. पट १ वर येते, पण १ च्या खाली जात नाही. म्हणजे कापलेल्या सुराच्या डोक्यावर तुमच्या गिटारचा मूळ सूर तसाच बसलेला राहतो.

सहातारा | रविवार, रात्री १०:५२

म्हणून त्यात बोटांचा जोर कळतो!

जुना_रेडिओवाला | सोमवार, सकाळी ६:१०

म्हणूनच. रविवारी दुकानात ये, दोन्ही पेडलं ब्रेडबोर्डवर मांडू. गिटार आण. मीटर माझा आहे, १० मेगचा.